दोन सेकंदांची अट

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते मधुकर इनामदार सरांचं. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. बेलूरच्या कारखान्यात सकाळपाळीला एक मोटर उघडून बसलो होतो, तेव्हा सुमतीअक्कांचा, म्हणजे सरांच्या पत्नींचा, फोन आला. "सर गेले," त्या म्हणाल्या आणि थोडं थांबून, "सावकाश ये. आता घाई नाही..."

मी अळणावरचा. अप्पा लाकडाच्या वखारीत ओंडके ओढायचे, घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. विद्यानगरच्या कॉलेजात सर पदार्थविज्ञान शिकवत. पहिल्या वर्षी मी मध्येच यायचा बंद झालो तेव्हा सर आमच्या घरी येऊन ओट्यावर बसले. अप्पांनी विचारलं, शिकून हा काय करणार? सर म्हणाले, "ते मला काय ठाऊक? तीन वर्षांनी तुम्हीच विचारा त्याला." अप्पा हसले आणि माझं शिक्षण वाचलं. पुढे पदवी झाली, कारखान्यात देखभाल विभागात नोकरी लागली, ती सगळी त्या एका भेटीची कमाई.

निवृत्तीनंतर सरांना मज्जातंतूंचा आजार जडला. आधी हात गेले, मग जीभ जड होऊ लागली. परदेशातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांच्यासाठी एक यंत्र पाठवलं. हलक्या दाबाचं एकच बटण. संगणकाच्या पडद्यावर शब्दांच्या ओळींवरून उजेड सरकत जातो, हव्या ओळीवर बटण दाबायचं, मग त्या ओळीतल्या हव्या शब्दावर पुन्हा दाबायचं, की संगणक तो शब्द मोठ्याने बोलतो. अडचण एवढीच की बटण आणि संगणक यांच्यामधला दुभाष्या, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो फार जुन्या संगणकांसाठी लिहिलेला होता आणि बनवणारी कंपनी बंद पडली होती. मी तारा जोडणारा माणूस, प्रोग्रामची एक ओळ कधी लिहिली नव्हती. तरी म्हणालो, शिकतो. सर अडखळत म्हणाले, "सावकाश शीक. पण माझ्या आजारापेक्षा सावकाश नको."

दर रविवारी पुस्तक घेऊन मी त्यांच्याकडे जायचो. सरांनाही ही भाषा नवी होती, पण त्यांची पद्धत जुनीच. लिहिलेली प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचायची आणि ती कशासाठी आहे ते सांगायचं. एकदा मी म्हणालो, हे नीट कळलं नाही सर, पण चालतंय. त्यावर ते म्हणाले, "चालतंय म्हणजे अजून पडलं नाही, इतकंच." आणि ते पडायचंच. ड्रायव्हरमध्ये चूक झाली की प्रोग्राम एकटा थांबत नाही, अख्खा संगणक बसतो. किती रविवार गेले... सरांचा आवाज पुरता गेला, त्यानंतर थोड्याच दिवसांत ते यंत्र चाललं. उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं होतं. त्या बोटाने शब्द शब्द निवडून त्यांनी पहिलं वाक्य केलं आणि संगणक माझ्याकडे बघून बोलावं तसा बोलला, "तिला चहा करून दे." अक्का हसायला लागल्या, आणि मग हसणं थांबवताच येईना त्यांना.

पुढे एक त्रास सुरू झाला. उशी घसरून बटणावर पडायची आणि संगणक कधी "पाणी, पाणी" तर कधी "पंखा, पंखा" म्हणत राहायचा. अक्का चारदा स्वयंपाकघरातून धावत यायच्या. मी एक अट घातली. दाब दोन सेकंदांहून जास्त राहिला तर ती उशी समजायची, सोडून द्यायचं. तोवर वाचून दाखवायची पद्धत मागे पडली होती. ही ओळ मी सरांना वाचून दाखवली नाही.

शेवटच्या आठवड्यात यंत्र गप्प झालं. सरांच्या पापण्याही जड झाल्या होत्या, काही विचारलं तर त्या उघडायच्या की नाही ते सांगता येत नसे. अक्कांनी मला बोलावून घेतलं. "नोड रे, बघ जरा, यंत्र बिघडलं नाही ना?" मी बटणावर माझं बोट ठेवून दोनदा दाबलं. यंत्र लगेच बोललं. मी म्हणालो, "यंत्र ठीक आहे अक्का. सरांनाच आता काही सांगायचं नसेल. त्यांना त्रास नको द्यायला." अक्कांनी मान हलवली आणि त्यानंतर पडदा भिंतीकडे वळवून ठेवला.

तेराव्यानंतर ते यंत्र दुसऱ्या रुग्णाला द्यायचं म्हणून मी नोंदी पुसायला बसलो. कोणता दाब कधी आला, किती वेळ राहिला, तेव्हा उजेड कुठे होता, हे सगळं ड्रायव्हर लिहून ठेवत असे. त्या आठवड्याचं पानच्या पान भरलेलं होतं. प्रत्येक नोंदीपुढे मीच लिहिलेले दोन शब्द होते : उशी, सोडले. उशी कधी कुठल्या ओळीवर पडेल याचा नेम नसतो. हे दाब सगळे एकाच ओळीवर होते. सरांचं बोट दाबू शकत होतं, पण वेळेत उचलू शकत नव्हतं.

अक्कांना सांगणं भाग होतं. त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. काय म्हणत होते ते, एवढंच त्यांनी विचारलं. ते नोंदीत नाही, मी म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू तुझं बोट लावून बघितलास. तुझं बोट धड आहे रे."

नोकरी लागली तेव्हापासून माझ्या हातून जे जे घडलं ते मी सरांना पत्राने कळवत आलो. हेही कळवलं. पत्र विद्यानगरच्या पत्त्यावर, त्यांच्याच नावाने टाकलं.

"तीर्थस्वरूप सरांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही बोलत होता, आणि मी अक्कांना सांगितलं की तुम्हाला काही सांगायचं नाही. माझी चूक ड्रायव्हरच्या एका अटीत होती. ती ओळ मी तुम्हाला वाचून दाखवली असती तर तुम्ही विचारलं असतं, बोट जड झालं तर काय? नोंदींवरून ओळ कळते, शब्द कळत नाही, कारण पहिलाच दाब मी सोडून देत होतो. ती ओळ होती : पाणी, दुखतंय, कूस बदला, अक्का. यांतलं काय हवं होतं ते मला कधीच कळणार नाही. अक्कांनाही नाही.

अट काढून टाकली आहे. यंत्र काल नवलगुंदच्या एका बाईंकडे बसवलं. या वेळी मी बटणाला हात लावला नाही. त्यांनीच दाबलं. बोट वर यायला फार वेळ लागला. मी बसून राहिलो."