कुलपाशेजारी बसलेला माणूस

आमच्या कारखान्यातला एक ब्रेकर बदलायचा होता. दत्ताभाऊ आणि सलीमभाई हे आमचे दोन जुने वायरमन. दत्ताभाऊंनी मेन स्विच बंद केला, कुणी चुकून चालू करू नये म्हणून त्याला आपलं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. टेस्टर लावून करंट नसल्याची खात्री केली, मगच पॅनेलमध्ये हात घातला. सलीमभाई मात्र त्या कुलपाशेजारी स्टूल ओढून बसले.

यंत्रं थांबलेली, माल अडकलेला. सुपरवायझर वैतागून आले. "सलीमभाई, कुलूप आहे ना? मग इथे बसून काय करताय? पंप बघा तिकडचा."

"बघतो साहेब. आधी त्याचं होऊ दे."

पॅनेलमधूनच दत्ताभाऊ ओरडले, "अरे जा की! मी काय लहान आहे?"

"तू बोल्ट आवळ नीट," सलीमभाई म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

पॅकिंगच्या टेबलापाशी मी रिकामी बसून हे बघत होते. मला ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसणारी माणसं आठवली. आपल्या बसण्यानं आत काही बदलणार नाही, हे त्यांना कळत असतं. तरी कुणी जेवायलासुद्धा उठत नाही. मायेला काही तरी करायचं असतं, आणि करण्यासारखं काही उरलं नसलं की ती नुसती बसून राहते.

काम झालं. दत्ताभाऊंनी पॅनेलचं दार लावलं, कुलूप काढलं आणि मेन स्विच चालू केला. नवा ब्रेकर पहिल्यांदा चालू करताना कधीकधी भडका उडतो, म्हणून ते त्याच्या बाजूला सरून उभे राहिले. सलीमभाई पुढे झुकले, तसा डाव्या हातानं त्यांना मागे रेटून दत्ताभाऊंनी तोंड फिरवलं आणि ब्रेकरचा दांडा वर केला.

यंत्रं घरघरू लागली. दत्ताभाऊंचा डावा हात तरीही सलीमभाईंच्या छातीवर तसाच होता.