तिघांचा पडाव

नांदेडच्या आमच्या शाळेत सगळे विषय उर्दूतून असत. जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची सुट्टी असायची, त्यामुळे जुमेरातच्या, गुरुवारच्या शेवटच्या तासाला कुणाचं लक्ष पुस्तकात नसे. उर्दू शिकवणारे उस्ताद हे ओळखून होते. ते पुस्तक मिटायचे, टोपी काढून टेबलावर ठेवायचे आणि दास्तान पुढे न्यायचे. ती त्यांनी कुठे वाचली होती की मनानंच रचत होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पाच साथीदार जादूगाराच्या मुलखात शिरलेले. बोलणारी झाडं, काचेचे किल्ले, राक्षसांच्या फौजा. दोन वर्षं चालली, तरी संपली नाही.

वर्गाला लढाया आवडत. मला पडाव आवडायचे. जादूच्या रानात पाचांची ताटातूट व्हायची आणि मग कुठल्याशा झऱ्यापाशी ते एकेक करून परत भेटायचे. जो आधी पोचेल तो चूल मांडून पाच जणांच्या भाकरी थापायचा. बाकीचे जिवंत आहेत की नाहीत, हेही त्याला ठाऊक नसायचं. मग घोडे मोकळे सोडायचे, जखमा धुवायच्या आणि ज्यानं त्यानं आपल्यावर काय गुदरलं ते सांगायचं. एकदा एक साथीदार दुश्मनाच्या छावणीत राहून आलेला असतो. बाकीचे चौघे त्याला आधी जेवू घालतात. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "उस्ताद, उसको मारे क्यों नै?"

उस्ताद म्हणाले, "पहले खाने दो, बेटा. भूखे आदमी का इन्साफ नै करते."

हे आम्ही तिघांनी उचललं. तिघं म्हणजे मी, कचेरीतल्या अहलकाराचा, म्हणजे कारकुनाचा मुलगा; अर्धापूरहून शिकायला आलेला शेतकऱ्याचा मुलगा; आणि खुद्द उस्तादांचा मुलगा. जुम्म्याला सकाळी आम्ही गोदावरीच्या घाटावर जमायचो. अर्धापूरचा उपरण्यात केळी बांधून आणायचा. आमच्यात भांडण पेटलं की तिघांपैकी कुणीतरी "पहले खाने दो" म्हणायचा आणि भांडण तिथंच मिटायचं. केळाला साल असते, म्हणून ते मला चालायचं. उस्तादांच्या घरचं पाणी मात्र मी कधी प्यायलो नाही. त्यांच्या मुलानंही कधी पुढे केलं नाही. आमच्या दोस्तीत हे असं होतं आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग रझाकारांचे दिवस आले. शाळा अर्धी रिकामी झाली. उस्तादांचा मुलगा आठ दिवस परेडीला गेला. मोहल्ल्यातली सगळी पोरं जात होती. नवव्या दिवशी उस्तादांनी त्याच्या हातातली काठी हिसकावून मोडली आणि त्याला घरात बसवलं. पुढे एके दुपारी अर्धापूरच्या दोस्ताच्या मळ्यात टोळी घुसली. केळीची बाग तोडली. त्याच्या थोरल्या भावाला झाडाला बांधून मारलं, तो तीन दिवसांनी गेला. दोस्त निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या, सरहद्दीपलीकडच्या एका छावणीत निघून गेला. जाताना आम्हाला भेटला नाही.

ती दुपार मला पक्की आठवते. उस्तादांचा मुलगा तेव्हा आमच्या ओसरीवर माझ्याशेजारी बसून गणितं सोडवत होता. दिवेलागणीपर्यंत तो तिथून हलला नव्हता.

त्यानंतर वडिलांची लातूरला बदली झाली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल संपला, आमच्या गल्लीत पेढे वाटले. मीही वाटले. त्याच आठवड्यात उस्ताद गावाकडून परतताना रस्त्यात मारले गेले. कुणी मारलं ते पुष्कळांना माहीत होतं. बोललं कुणी नाही.

महिन्याभरानं त्यांचा मुलगा मला लातुरात गंजगोलाईपाशी दिसला. आईला घेऊन मामाकडे आला होता. दाढीचे खुंट वाढलेले, पायांत वहाणा नाहीत. म्हणाला, "माझं नाव कुणीतरी त्या मळ्यावर गेलेल्या रझाकारांच्या यादीत घातलंय. तू तहसिलीत चल. त्या दिवशी मी तुझ्याकडं होतो, एवढंच सांग. तुझं ऐकतील."

मी घरी विचारलं. वडील जेवत होते. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "नव्या सरकारात माझी नोकरी राहते का जाते, ते ठरून राहिलंय. तू या भानगडीत पडू नकोस."

मी त्याला सांगितलं, "थोडं थांब." तो थांबला. दर दोन दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा. मी मागच्या दारानं जायचो.

तेवढ्यात अर्धापूरच्या दोस्ताचं कार्ड आलं. बहिणीला भेटायला लातूरला येतोय. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. छावणीतून आलेल्या माणसाच्या शब्दाला आता वजन होतं. त्यानं सांगितलं की झालं, मला तहसिलीत जायला नको. पण तेव्हा मी मनाशी असं म्हटलं नाही. मी म्हटलं, ताटातूट झालेले तिघं दोस्त भेटतील, आपणच भेटवू. दोघांनाही स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात दुपारी बोलावलं. दुसरा येणार आहे, हे दोघांनाही सांगितलं नाही.

अर्धापूरचा खादीची टोपी घालून आला, सोबत छावणीतले दोघे. ते शेजारच्या टेबलावर बसले. मग उस्तादांचा मुलगा आला आणि दारातच थबकला. मी त्याला हाताला धरून आमच्या टेबलाशी बसवलं, घाईघाईनं तीन प्लेट भजी सांगितली आणि हसत म्हणालो, "पहले खाने दो."

"मस्करी करून राहिलास का रे?" अर्धापूरचा म्हणाला. मग उस्तादांच्या मुलाकडे वळून, "परेडीला गेलतास का न्हाई, एवढंच सांग."

"गेलतो. आठ दिवस."

"माझ्या भावाला बांधलं तवा त्यांच्यात तुझ्यासारखीच पोरं हुती. शाळेतली."

"मी नव्हतो."

"कोण सांगंल तसं?"

उस्तादांच्या मुलानं माझ्याकडे बघितलं. शेजारच्या टेबलावरचे दोघेही बघायला लागले. त्यांच्यातला एक वडिलांच्या कचेरीत येऊन बसायचा. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या रे. आता जुनं कशाला काढायचं?"

उस्तादांचा मुलगा उठला. मला एवढंच म्हणाला, "तुला आठवतंय."

तो दारापाशी पोचला तेव्हा अर्धापूरच्यानं मागून हाक दिली. राग होता, पण आवाज खाली आला होता. "उस्तादांना सलाम सांग. म्हणावं, येऊन जाईन."

"अब्बा नै रहे," तो म्हणाला, आणि गेला.

अर्धापूरचा माझ्याकडे वळला. "तुला ठावं हुतं?"

"हो."

"आन् मला तसंच बोलू दिलंस?" त्यानं टोपी काढली, तोंडावरून हात फिरवला. "माझ्याकडं रागवायला कारण तरी हाय. तुझ्याकडं काय हाय रे?" उत्तराची वाट न बघता तो साथीदारांना घेऊन निघून गेला.

भजी आली. तिन्ही प्लेटी मी एकट्यानं खाल्ल्या. टाकून उठलो तर लोक बघतील, असं वाटलं.

चौथ्या दिवशी मी घरात कुणाला न सांगता बयान लिहून काढलं. ती दुपार, आमची ओसरी, गणितं, सगळं त्यात होतं. ते घेऊन त्याच्या मामाच्या घरी गेलो. दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "मायलेक हैद्राबादेला गेले कालच. तिथनं कराचीला जायचं म्हणत हुते." त्यांचा पत्ता तिला ठाऊक नव्हता. मी आणखी कुणाला विचारला नाही.

वडिलांची नोकरी टिकली. अर्धापूरच्याची नि माझी पुढे लग्नकार्यात गाठ पडायची, पाऊसपाण्याचं बोलायचो. तो कागद पुष्कळ वर्षं माझ्या पेटीत होता. त्याखाली मी सही केलेलीच नव्हती. उस्तादांच्या मुलासमोर करायचं ठरवलं होतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते दार उघडं असतं तर केली असती का, हे मला अजून सांगता येत नाही.