आठवी फेरी

"तुझ्या वडिलांना घड्याळ काढायला सांग."

डॉक्टर हे मला म्हणाले. आबा माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. आबांना मराठी कळतं. कानानं चांगलं ऐकू येतं. तरी निरोप माझ्याकडं आला आणि मी तो पोचवला. "आबा, घड्याळ काढा." आबांनी काढलं. ठेवायला खिसा नव्हता, कारण टेरिकॉटचा सदरा त्याआधीच मी उतरवायला लावला होता. नुसती बंडी, धोतर, खांद्यावर घोंगडी, असं पाहिजे होतं. घड्याळ त्यांनी माझ्या हातात दिलं. माझ्या पहिल्या पगारातून मीच त्यांना आणलं होतं ते. मागून कोणीतरी म्हणालं, घड्याळवाला धनगर कोण बघणार. सगळे हसले. मीही हसलो. ते लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

ही गोष्ट रोलच्या काळातली, डिजिटल कॅमेरे यायच्या आधीची. मी रांजणगावला एका कारखान्यात पाळीवर होतो. शिरूरला खोली घेऊन राहायचो. घर दौंड तालुक्यात, कासुर्डीजवळच्या वस्तीवर. सुट्टीला न्हावरा, चौफुला करत घरी यायचो. आजोबांपर्यंत आमची माणसं मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायची. आबांनी थोडी जमीन धरली, बाजरी-कांदा करायला लागले, पण साठएक मेंढरं ठेवलीच. मेंढरं विकली तर सकाळी उठून करू काय, असं म्हणायचे.

मशीनमध्ये माझं बोट सापडलं आणि एक्स-रे काढायला मी शिरूरच्या या डॉक्टरांकडं गेलो. भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेले फोटो होते. बोट विसरून मी ते बघत बसलो. डॉक्टरांनी ते पाहिलं. पुढच्या रविवारी मला बोलावलं आणि एक्स-रे धुवायच्या खोलीत नेलं. तिथंच एका कोपऱ्यात ते आपले फोटो करायचे. लाल दिवा, औषधाच्या पाण्याचे ट्रे, आंबट वास. पांढरा कागद पाण्यात टाकला आणि त्यावर हळूहळू एक बैल उमटला. माझ्या अंगावर काटा आला. तेव्हाच मी वाया गेलो म्हणायचं. त्यांनी मला सगळं शिकवलं. हात धरून शिकवलं. स्वतःचा जुना कॅमेरा दिला, असू दे तुझ्याकडं, म्हणाले. हा माणूस वाईट असता तर मला हे सगळं इतकं जड गेलं नसतं.

त्यांच्या क्लिनिकच्या वर एक हॉल होता. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिथं फोटोवाले जमायचे. वकील, प्रोफेसर, कारखान्यातले दोन मॅनेजर, असे दहा-अकरा जण. मीही जायला लागलो. त्या लोकांत प्रेम होतं, नाही असं नाही. कोणाची बॅटरी संपली तर दुसरा आपल्या कॅमेऱ्यातली काढून द्यायचा. मोठी लेन्स एक असायची आणि ती सगळ्यांच्या गळ्यात फिरायची. डबा एकाचा, खाणारे सगळे. आणि तोंडंही तेवढीच फाटकी. फोटो काढताना कोणी मध्ये आलं की जीव घेतील असे ओरडायचे. एकमेकांना ओरडायचे ते, "अहो साहेब, जरा सरका." मला ओरडायचे ते, "ए, हट." नवीन आहे म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगायचो. दोन वर्षं झाली तरी मी नवीनच होतो.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांच्या डोक्यात धूळ शिरली. कलत्या उन्हात कळप, मागून उजेड, मेंढरांच्या पायातली धूळ पेटल्यासारखी. असा फोटो त्यांना पाहिजे होता. मीच म्हणालो, आमच्याकडं चला. कोणी माझा कान धरला नव्हता. मला वाटलं, आता तरी मी त्यांच्यातला होईन.

एक गोष्ट सांगायला पाहिजे. मेंढरं चरायला जातात तेव्हा लहान कोकरं बरोबर नेत नाहीत. ती वाड्यात, जाळीच्या आत ठेवतात. दिवसभर उपाशी. आया दिवसभर चरतात, संध्याकाळी कास भरून परत येतात. वाडा जवळ आला की आतून कोकरं ओरडायला लागतात, बाहेरून आया. मग जाळी उचलायची. प्रत्येक कोकरू बरोबर आपल्या आईला जाऊन भिडतं. त्या वेळेला मेंढरं कोणाच्या बापाला आवरत नाहीत. आणि आबा त्या वेळेला कधीच उशीर करत नसत. घरात पाहुणे असोत, कोणी आजारी असो.

फोटोला उजेड नेमका त्या वेळेला लागत होता.

आबा माळावरून कळप घेऊन आले. घड्याळ-सदऱ्याचा प्रकार झाला. मग कळप वाड्याच्या अलीकडून मागं फिरवायचा, टेकाडापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा, असं ठरलं. ठरवलं त्यांनी, सांगितलं मी. सगळे आडवी रांग करून उभे राहिले, ट्रायपॉड लावले. मीही कॅमेरा काढला. तर प्रोफेसर म्हणाले, "तू कशाला? तुला काय, रोजचंच आहे हे. तू मेंढरांकडं बघ." बाकीच्यांनी माना डोलवल्या. मी कॅमेरा पिशवीत ठेवला. माझ्याच बापाचा फोटो काढायला माझ्याच माळावर मला जागा नव्हती. आणि मी मुकाट्यानं मेंढरांच्या मागं पळायला लागलो.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. धूळ कमी पडते म्हणाले. तिसरीला आबांची मान खाली होती. चौथीला मध्ये कुत्रं आलं. वाड्यातून कोकरांचा आवाज सारखा येत होता. माझी आई तिथं जाळीला अंग लावून उभी होती, दोन्ही हातांनी कोकरं आत ढकलत होती. मेंढ्या मागं फिरायला तयार नव्हत्या. पाचव्या फेरीला आबांनी काठी उचलली आणि पुढच्या मेंढीच्या तोंडावर मारली. आबांनी मेंढराला मारलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सातवी फेरी झाली आणि डॉक्टर म्हणाले, झालं, मिळाला. खूश होते. मग त्यांनी कॅमेऱ्यावरचा आकडा बघितला. छत्तीसचा रोल आणि आकडा एकोणचाळीस. त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. फिल्मचं टोक चाकात अडकलंच नव्हतं. रोल होता तसा डबीत. एकही फोटो आला नव्हता. सगळे असे हसले की विचारू नका. कारण ही चूक प्रत्येकानं एकदा केलेली. वकिलांनी बहिणीच्या लग्नात केली होती, मी माझ्या पहिल्याच रोलला केली होती. सगळे डॉक्टरांभोवती जमले, पाठ थोपटली. एकानं आपला नवा रोल फोडून दिला, दुसऱ्यानं तो स्वतःच्या हातानं भरून दिला, टोक अडकलंय का ते तिघांनी वाकून पाहिलं. इतक्या प्रेमानं. मला त्या घडीला ती माणसं फार आवडली. ते आठवलं की अजून माझी मलाच किळस येते.

कारण डॉक्टर लगेच माझ्याकडं वळले. सूर्य दोन बोटं वर होता. "फक्त एकदा. तू सांग, तुझं ऐकतील."

आबा कळपात उभे होते. घामानं धूळ तोंडावर चिकटलेली. मी तोंडाला हात लावून ओरडलो, "आबा, परत एकदा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग कळप फिरवला.

महिन्याभरानं हॉलवर बैठक झाली. तिथं रीत अशी, की फोटो फळीवर लावायचे, नाव मागच्या बाजूला. सगळ्यांनी त्यावर बोलायचं, ज्याचा फोटो त्यानं गप्प ऐकायचं. डॉक्टरांचा फोटो लागला. फोटो चांगला होता, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या धुळीत आबा, काठी, मागं मेंढरांच्या पाठी. खाली चिठ्ठी, 'आदिम'. प्रोफेसर बराच वेळ त्या चेहऱ्यावर बोलले. काय शांतता आहे, म्हणाले. काळाच्या पलीकडची शांतता. मी त्या चेहऱ्याकडं बघत होतो. त्यात शांतता कुठली? आठव्यांदा मेंढ्यांना कोकरांपासून तोडून आणणाऱ्या माणसाचा संताप होता तो, पोराच्या मित्रांपुढं गिळलेला. मला तो ओळखता येतो. लहानपणापासून बघतोय. पण मी गप्प बसलो. फोटो तर माझा नव्हता, मला बोलायची बंदी नव्हती. तरी बसलो.

मग प्रदर्शन ठरलं. शिरूरला, मोठा हॉल घेऊन. हा फोटो दारातच लावायचा, दरवाजाएवढा. आणि उद्घाटनाला आबांना आणायचं, फोटोशेजारी उभं करायचं. डॉक्टर मला म्हणाले, घोंगडी, फेटा, काठी, सगळं घेऊन आण त्यांना, पेपरवाले येणार आहेत. ते हे आनंदानं सांगत होते. आबांचा मान करतोय असंच त्यांना वाटत होतं.

मी घरी गेलो. आबा वाड्याची जाळी शिवत होते. मी सगळं सांगितलं. ते खाली बघूनच म्हणाले, "तू म्हण, म्हंजी यीन."

मी म्हणालो, तुम्हाला वाटत असेल तरच या. तेव्हा त्यांनी सुई थांबवली.

"मला काय वाटतं ते त्या दिवशी कुठं इचारलंस? त्या लोकांचं मला काय न्हाई. ती परकी. कोकरं दिसभर उपाशी असत्यात, त्यांना काय म्हाईत. तुला म्हाईत हुतं. आन् तरी तू हाक मारलीस."

एवढंच. आवाज चढवला नाही. परत जाळी शिवायला लागले. मी तिथंच बसून राहिलो. डॉक्टर, प्रोफेसर, वकील, कोणाकडं बोट दाखवायची सोय उरली नव्हती. त्यांनी सांगितलं होतं. बापाला हाकललं होतं मी. त्यांच्या रांगेत एक जागा मिळावी म्हणून. आणि ती मिळालीही नव्हती.

पुढच्या रविवारी मी हॉलवर गेलो. सगळे फोटोंना पुठ्ठे लावत बसले होते. चहा चालू होता. मी उभ्यानंच म्हणालो, "आबा येणार नाहीत. आणि तो फोटो लावायचा असेल तर आधी त्यांना विचारून या."

डॉक्टर हसले. "अरे, एवढं मनाला लावून घेतात का? आपण सगळे मित्र आहोत इथं."

"मित्र आहात तर माझ्या वडिलांचं नाव सांगा."

कोणी बोलेना. अकरा जण होते. फोटो काढला त्या संध्याकाळी सगळ्यांनी आमच्या दारात बसून पिठलं-भाकरी खाल्ली होती. शेवटी वकील म्हणाले, "आबा ना?"

"आबा मी म्हणतो," मी म्हणालो.

त्यांनी नाव विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. डॉक्टरांचा कॅमेरा पिशवीतून काढून त्यांच्यापुढं टेबलावर ठेवला. ते म्हणाले, वेड्या, कॅमेऱ्याचा काय दोष? काही दोष नव्हता. त्या कॅमेऱ्यावर माझा जीव होता. जिना उतरताना कोणी मागून हाक मारली असती तर मी वळलो असतो. कोणी मारली नाही.

फोटो लागला. गाजला. पुढं पुण्याला गेला, बक्षीस मिळालं, एका कॅलेंडरवर छापून आला. आमच्या गावच्या सोसायटीत ते कॅलेंडर वर्षभर लटकत होतं. आबा खताला गेले की त्याच्याखाली रांगेत उभे राहायचे.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी मिळेल तो जुना कॅमेरा घेतला, नंतर डिजिटल घेतला. फोटो काढतो. आधी विचारतो. लोक नाही म्हणतात, पुष्कळदा म्हणतात, मग कॅमेरा खाली. त्यात चांगले चांगले फोटो गेले. जाऊ देत. फोटोवाल्यांच्या गाड्या अजून आमच्या माळावर येतात, कोणी कोणी रस्ता विचारतं. रस्ता सांगतो, कळप दाखवत नाही. एकट्यानं हा छंद करणं कंटाळवाणं असतं. चांगला फोटो आला तर दाखवायचा कोणाला? त्या हॉलमधला चहा आणि शिव्या मला आठवतात. खोटं नाही.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांचा फोन आला. आवाज म्हातारा झाला होता. सुरुवातीला तब्येतीचं बोलले. मग म्हणाले, झालं गेलं विसर, भिगवणला पक्षी आलेत, गाडीत तुझी जागा ठेवली आहे. मला भरून आलं. ज्या माणसानं मला हात धरून शिकवलं तो माझी जागा धरून बसला होता.

मी म्हणालो, "आधी घरी या, डॉक्टर. आबांसमोर बसा. तो फोटो काढला ते चाललं का, असं त्यांना विचारा. ते हो म्हणाले तर मी येतो."

मग म्हणाले, "आता एवढ्यासाठी तिकडं कुठं येऊ?"

"एवढंच तर आहे," मी म्हणालो. "तेवढं केल्याशिवाय मी येणार नाही."

फोन ठेवला. परत आला तरी हेच सांगणार आहे.