चौथी बाजू

कारखान्यात तिला सगळे 'चौथी' म्हणत, कारण रजईची चौथी बाजू ती शिवायची. पहिल्या टेबलावर कापड कापलं जाई, दुसऱ्यावर तीन बाजू शिवून खोळ तयार होई, तिसऱ्यावर एक म्हातारी बाई त्यात कापूस भरी, आणि भरलेली खोळ हिच्या मशीनवर येई. कडा आत दुमडायच्या, एक सरळ टीप मारायची, पुढे ढकलायची. एकोणीस वर्षं हेच. टीप अशी की पट्टी लावून बघावी. राग मात्र कायम नाकावर.

मुलीला थंड गावी नोकरी लागली. दोन आठवड्यांनी, रविवारी ती निघणार होती. "आई, मला तुझ्या हातची रजई दे," एवढंच ती म्हणाली.

नवरा म्हणाला, "कारखान्यातलीच एक घेऊन ये. तुझा हात त्यालाही लागलेलाच असतो की."

बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच तिला झोंबलं. घरी शिवावी की आयती आणावी, हे तिचंही ठरत नव्हतं. ते कारखान्याच्या मुकादमाने ठरवून टाकलं. तिने उरलेला कापूस विकत मागितला, तेव्हा तो सगळ्यांदेखत हसला. "घरी रजई शिवणार? अहो, तुम्हाला रजई कुठे येते? तुम्हाला बाजू येते."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बाजारातून कापूस आणला, निळं कापड आणलं, आणि मधल्या रविवारी सकाळी घरच्या जुन्या मशीनवर बसली.

तीन बाजू झाल्या. खोळ उलटवून सरळ केली. मग कडा आत दुमडल्या आणि टीप मारली. दोरा तोडून मान वर केली, तर कापसाचं पोतं शेजारी जसंच्या तसं उभं! हाताने सवयीने चौथी बाजू बंद करून टाकली होती. रिकामीच.

मुलगी पाहायला आली आणि खो खो हसत सुटली.

"हसू नकोस!" तिने कात्री फरशीवर आपटली. "एकोणीस वर्षं मला भरलेलीच खोळ मिळाली. कापूस कसा भरतात हे मला माहीत नाही. नाही माहीत! झालं समाधान?"

मुलीचं हसू मावळलं. "राहू दे ना आई. मी विकतची नेते, खरंच."

"विकतचीच न्यायची होती तर मागितलीस कशाला?" ती ओरडली, आणि ओरडतानाच तिला रडू फुटलं. राग मुलीवर नव्हता. तो मुकादमावर होता, स्वतःच्या गाढवासारख्या हातांवर होता, आणि सगळ्यात जास्त त्या एकोणीस वर्षांवर होता. तरी बोलणी खाल्ली मुलीनेच. असंच असतं, रागाला जवळचं माणूस लागतं.

सोमवारी डबा खायच्या सुट्टीत ती उठली आणि पाच पावलांवरच्या म्हातारीकडे गेली. "मला भरायला शिकव."

म्हातारीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "काखेत कळसा नि गावाला वळसा! इतकी वर्षं समोर बसतेस, कधी मान वर करून बघितलं नाहीस?"

"मान वर केली की मुकादम खेकसतो."

"ते मात्र खरं," म्हातारी म्हणाली, आणि डबा बाजूला सारून तिने भरून दाखवलं. कापूस आधी कोपऱ्यांत, मग कडेला, मधे शेवटी. तोंड शिवून झालं की वीत वीत अंतरावर आरपार टाके, नाहीतर सगळा कापूस पायाशी गोळा होतो. मुकादम दारातून ओरडला, "जागा सोडू नका!" दोघींनीही ऐकलं नाही.

घरी येऊन चौथी बाजू तिने उसवली. आपलीच सरळ टीप उसवताना तिचे दात ओठांत रुतले होते. चार दिवस ती कामावरून आल्या आल्या कापसात बसायची. नवऱ्याने एकदा "मी धरू का?" विचारलं, तर "लांब राहा!" म्हणाली. शनिवारी रजई झाली. चारही बाजूंच्या टिपा सरळ, मधले टाके मात्र वाकडेतिकडे.

रविवारी मुलगी रजई घेऊन गेली. सोमवारी सकाळी ती कामाला निघत होती, तेव्हा मुलीचा फोन आला. "आई, एका कोपऱ्यात कापसाचा गोळा झालाय. डोक्याशी घेऊ की पायाशी?"

"पायाशी घे! हेही मीच सांगायचं?" मग जरा थांबून तिने विचारलं, "आणि चौथी बाजू? ती कशी आलीय?"

पलीकडे मुलगी रजई फिरवून फिरवून बघत असावी. "कुठली चौथी? मला तर चारही सारख्याच दिसतायत."

तिने फोन ठेवला आणि चपला घातल्या.

कारखान्यात मुकादमाने हाक मारली, "ए चौथी!" तिने मान वर केली नाही. पुन्हा हाक आली. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. तिची टीप चालूच होती. शेवटी तो चालत तिच्या टेबलापाशी आला.

"बाई, ऐकू येत नाही का? तुम्हालाच हाक मारतोय."

"मला हाक आत्ता मारलीत," ती म्हणाली. "बोला, काय काम आहे?"