माळ आणि मानेतली सुई

बोलायला लागले की ते आधी गळ्यातल्या तुळशीच्या माळेत अंगठा अडकवायचे आणि म्हणायचे, "हिला इचारा." मी आमच्या नगरच्या हॉस्पिटलात नर्स. त्यामुळे माळेची साक्ष सगळ्यात जास्त वेळा मलाच ऐकावी लागली.

कर्जतकडचे हे गृहस्थ गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले आणि गावानं निकाल देऊन टाकला, की म्हातारा चोरून पितो. मंडळाच्या अध्यक्षांनी पखवाज काढून घेतला. दुखण्यापेक्षा त्यांना तेच लागलं होतं. "मरन येऊ द्या, पन पखवाज हातात घिऊनच मरनार," असं ते मला बजावत, जणू ते खातं माझ्याकडे होतं.

लिव्हर कशानं बिघडलं हे कळायला त्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायचा होता. पण त्यांचं रक्त लवकर गोठत नव्हतं. बाहेरून सुई टोचली असती, तर पोटात रक्त वाहतच राहिलं असतं. म्हणून डॉक्टर मानेच्या शिरेतून नळी थेट लिव्हरपर्यंत नेणार होते. तिथे रक्त आलंच तर ते शिरेतच राहतं.

"नगरहून कर्जतला जायला नाशिकवरनं न्याया लागलात की," ते म्हणाले.

"बाबा, त्या रस्त्याला खड्डे कमी आहेत," डॉक्टर म्हणाले.

गाडं अडलं ते माळेवर. मान तर मोकळी हवी. "माळ उतरली तर परत गळ्यात पडंस्तवर आमी पान्याचा थेंब घेत न्हाई," त्यांनी सांगितलं.

"उत्तम. तुम्हाला उपाशीच ठेवायचंय," डॉक्टर म्हणाले.

इतका आज्ञाधारक पेशंट तुम्ही पाहिला नसेल. पंचाईत झाली ती नंतर. तुकडा निघाला, पाणी प्यायला परवानगी मिळाली, पण मानेवर पट्टी आणि हे ओठ मिटून पडलेले. शेवटी पट्टी सांभाळून मीच माळ घातली. डॉक्टर तेवढ्यापुरते भिंतीकडे बघत उभे राहिले.

रिपोर्ट आला. दारूचा काही संबंध नव्हता, शरीराची राखण करणारी यंत्रणाच लिव्हरवर उलटली होती. "म्हंजी राखनीचं कुत्रंच मालकाला चावलं," म्हणत त्यांनी डॉक्टरांना तिथल्या तिथे अध्यक्षांना फोन लावायला लावला.

"यांचा आजार दारूचा नाही. हे पीत नाहीत," डॉक्टरांनी स्पीकरवर सांगितलं.

"लई बरं झालं डाक्टर, सोडली ते," अध्यक्ष म्हणाले.

बाबांनी मोबाईलसमोर माळ धरली.

गोळ्या लागू पडल्या. पखवाजही परत मिळाला, कारण मंडळाला दुसरा वाजवणारा सापडेना. मग दर तपासणीला ते माझ्या टेबलावर बोटं वाजवत बसायचे. मी रागवायचे, आणि ते थांबले की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

यंदा त्यांची बायको एकटीच आली, उरलेल्या गोळ्या घेऊन. छातीच्या दुखण्यानं गेले म्हणाली. मी माळेचंच विचारलं.

"त्यांच्यासंगंच गेली. न्हेताना पखवाज अध्यक्षानं वाजिवला."

"कसा वाजवला?"

म्हातारी जराशी हसली.

"लई चुकला. रडत हुता ना त्यो."