सरांनी उठवलेली मांजरी

बोध या शब्दाचा मला राग आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई एवढ्या का तापल्या.

आमच्या इथल्या मराठी मंडळाची गणपतीत स्मरणिका निघते. तिच्यात मुलांसाठी एक पान असतं, आणि त्या पानावरच्या प्रत्येक गोष्टीखाली चौकट आखून ठळक अक्षरांत बोध छापतात. पोरांना गोष्ट कळो न कळो, चौकट कळलीच पाहिजे. हे सगळं पाहतात सर. मराठीचे निवृत्त प्राध्यापक. पुण्याहून नोकरीसाठी भोपाळला आले आणि इथेच राहिले, पण आमच्या बोलण्याला अजून नाक मुरडतात. आम्ही नागपूरकडचे. सरकारी दफ्तर नागपूरहून भोपाळला हललं, त्याबरोबर वडील इथे आले, माझा जन्मच इथला, तोंडात हिंदी येणारच. सर म्हणतात ही भाषा नव्हे, खिचडी आहे. असेल बाप्पा. आमचं पोट त्याच खिचडीवर भरलं.

मी लिहायला लागले ती निवृत्त झाल्यावर. कोणी शिकवलं नाही. सगळी नोकरी सरकारी फायलींवर टिपणं लिहिण्यात गेली, त्यातून गोष्ट लिहायला कोण शिकणार? नात रोज गोष्ट मागायची. माझ्याजवळच्या संपल्या तशा मी मनच्या सांगायला लागले. मग कोलार रोडच्या आमच्या कॉलनीतली पोरं संध्याकाळी बागेत जमू लागली, आणि जे काय शिकले ते तिथेच. गोष्ट सांगताना एखादं पोर ‘आजी, सू-सू’ म्हणालं की समजायचं, गोष्ट इथे मेली. घरी येऊन तेवढा तुकडा कापायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगून बघायची. शेवटपर्यंत कोणी हललंच नाही, तर लिहून काढायची. मुलगा म्हणाला, चांगला टाइमपास आहे. त्या दिवशीची पोळी मी जरा जोरात आपटली.

त्या गोष्टींमध्ये मांजरीची गोष्ट माझा जीव की प्राण. एका सरकारी दफ्तरात एक मांजरी शिरते आणि मोठ्या साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसते. शिपाई येतो, बाबू येतो, गार्ड येतो. कोणी दूध दाखवतं, कोणी काठी दाखवतं. जो तो विचारतो, ही उठणार कधी? मी इथे थांबले की बागेतली सगळी पोरं एका सुरात म्हणायची, ‘तिच्या मनात आलं की उठेल.’ साहेब बिचारे दिवसभर शिपायाच्या स्टुलावर बसून सह्या करतात. संध्याकाळी मांजरीच्या मनात येतं. ती आळस देते, खाली उडी मारते आणि निघून जाते. संपली गोष्ट.

खरं सांगू, ती मांजरी म्हणजे मी. मला जी कधी होता आलं नाही, ती मी. जन्मभर उठतच राहिले. साहेबांनी घंटी वाजवली, ऊठ. सासूबाईंना चहा हवा, ऊठ. पाहुणे आले, खुर्ची रिकामी कर. जेवता जेवता उठले, तापात उठले. मला कोणी मारून उठवलं असं नाही, पण ‘तू बस’ असंही कधी कोणी म्हटलं नाही. म्हणून गोष्ट स्मरणिकेला देताना सरांना बजावलं होतं, बाकी काय हवं ते करा, शेवटाला हात लावू नका. ते म्हणाले, बघू.

गणपतीतल्या कथाकथन स्पर्धेत नात तीच गोष्ट सांगणार होती. तालमी बागसेवनियाला सरांच्या घरी. सूनबाई तिला स्कूटरवर नेऊन आणायची. मला कोणी बोलावलं नाही, आणि मीही मानापमान नको म्हणून गेले नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसले आणि हातात आलेली स्मरणिका उघडली. माझं नाव होतं, माझी मांजरी होती. साहेब तिला रागावतात, तिला आपली चूक कळते, ती उठते, पंजे जोडून माफी मागते आणि त्या दिवसापासून दफ्तरातले उंदीर पकडू लागते. खाली चौकट. बोध : मोठ्यांचा मान राखावा.

अंगाची नुसती आग झाली. सर स्टेजजवळ उभे होते, तशीच जाऊन विचारलं, हे काय केलंत? ते हसले. म्हणाले, “वहिनी, मुलांच्या हाती काहीतरी पडायला हवं ना. या वयात तुम्ही लिहिता याचं कौतुकच आहे, पण लिखाणाला शिस्त लागते.”

कौतुक म्हणे. जळो ते कौतुक. माझ्या मांजरीला हात जोडायला लावून वर मला शिस्त शिकवतात. मी काही बोलणार तेवढ्यात नातीचं नाव पुकारलं, म्हणून परत येऊन बसले.

नातीने सरांचाच शेवट सांगितला. पंजे जोडून, मान खाली घालून, अगदी बसवल्यासारखा. टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस मिळालं. बक्षिसाचा डबा हातात घेऊन ती माझ्याजवळ आली, पण माझ्याकडे बघेना. हळूच म्हणाली, “आजी, सर बोलले असंच सांगायचं.” तिचा राग कसा येणार? आठ वर्षांची पोर. पण मला रडू आलं, आणि रडू आलं याचा आणखी राग आला.

तेवढ्यात आरतीची घंटा वाजली. सगळा हॉल उभा राहिला. मी उठले नाही. बाप्पाशी माझं भांडण नव्हतं, त्याला बसल्या जागेवरून हात जोडले. मागच्या बायका कुजबुजू लागल्या. सूनबाईने खांदा हलवला, पाय दुखतो का विचारलं. नाही म्हटलं. शेवटी सर स्वतः तबक घेऊन समोर आले. माझ्यावर वाकून म्हणाले, “उठा वहिनी, आरती आहे. चांगलं दिसत नाही.”

नात माझ्याकडे बघत राहिली, मग सरांकडे. तिने बक्षिसाचा डबा जमिनीवर ठेवला, माझ्या शेजारच्या खुर्चीत चढून मांडी घातली आणि बागेत सांगायची तशा खणखणीत आवाजात म्हणाली, “तिच्या मनात आलं की उठेल.”

सर तबक घेऊन पुढच्या माणसाकडे गेले. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, लोक प्रसादाच्या रांगेत लागले. आम्ही दोघी बसूनच होतो. मग माझ्या मनात आलं, मी उठले.