पाचवी पेटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्या तिघांबरोबर वर्षानुवर्षं एका टेबलावर डबा खाल्ला त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय? मला धड माहीत नाही.

मी सोलापुरात भूगर्भशास्त्र शिकवते. आमच्या विभागामागे एक कोठी आहे. तिची किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगलेली असायला हवी, पण ती माझ्या पर्समध्ये असते. कुणी विद्यार्थी कोठी उघडायला सांगायला आला की मी किल्ली त्याच्या हातात देत नाही. मी त्याच्याबरोबर जाते, दारातच उभी राहते आणि पाचव्या पेटीकडे त्याची नजर जातेय का ते बघत राहते.

पेटीत दगड आहेत. माझ्याकडे दुसरं काय असणार म्हणा.

झालं असं — नाही, आधी काम सांगते. दुधनीच्या अलीकडे एका कारखान्याला वापरून शुद्ध केलेलं कोमट पाणी जमिनीखाली खडकात साठवायचं होतं, उन्हाळ्यात पुन्हा उपसायला. ऐकायला सोपं वाटतं ना? पण पाणी शिरलं की दाब वाढतो, उष्णतेने भेगा बदलतात, क्षारांनी माती फुगते, आणि यातलं प्रत्येक दुसऱ्याला ढकलत असतं. म्हणून आम्ही चौघं एकत्र आलो — एक रसायनवाला, एक स्थापत्यवाला, एक गणितवाला आणि मी. प्रत्येकाला वाटायचं, खडक आपल्यालाच कळतो. प्रत्यक्षात तो बाहेर काढत होते मैंदर्गीचे सिद्धप्पाकाका. आयुष्यभर बोअर मारलेला माणूस, निम्मं मराठी, निम्मं कन्नड बोलणारा. मला आक्का म्हणायचे. चालत्या यंत्रावर हात ठेवून ते सांगायचे, आता तांबडी माती लागली. आणि लागलेली असायची. मग ते वहीत फूट लिहून ठेवायचे.

खडक निघतो तो उसाच्या कांड्यांसारखा. त्या कांड्या पेटीत ओळीने लावायच्या आणि तिथल्या तिथे प्रत्येकीवर वरची बाजू दाखवणारा बाण काढायचा, किती फुटांवरची तो आकडा घालायचा, फोटो घ्यायचा. हे काम माझं. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून मी हे घोकून घेते. त्या दिवशी मला सोलापूरची एसटी गाठायची होती. म्हटलं, चार पेट्या झाल्यात, पाचवी टेम्पोने कोठीत पोचली की उद्या तिथेच करू.

दुसऱ्या दिवशी शिपाई यायच्या आत मी ती एकटीनेच ओढायला गेले. पेटी उलटली. कांड्या फरशीभर झाल्या.

मी काय करायला हवं होतं? एक फोन. वही काकांकडे होतीच. पण मग बाण काढले नव्हते हे सांगावं लागलं असतं — मला, मुलांना घोकायला लावणारीला! मी दार लावून घेतलं, खाली बसले आणि तुटलेली टोकं एकमेकांना लावून पाहिली. काही जुळली. बऱ्याचशांचे टवके उडाले होते. तांबड्या मातीचा तुकडा कुठला, ते काही केल्या कळेना. शेवटी तो तळच्या ओळीत ठेवला, आकडे घातले आणि फोटो काढून तिघांना पाठवला. अक्षर छान आलं.

इथपर्यंत ती चूक होती. पुढचं चूक नव्हे.

आठवड्याने बैठकीत वही उघडली गेली. काकांनी तांबडी माती अडुसष्ट फुटांवर लिहिली होती, माझ्या पेटीत ती अठ्ठ्याहत्तरवर होती. मग खरं काय? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "पेटी मी स्वतः लावलीय. वहीत चुकलं असेल." शांतपणे म्हणाले. इतकं शांतपणे मी खरंसुद्धा बोलत नाही.

काका दाराशी उभे होते. ते भांडतील असं मला वाटलं. भांडावं असंही वाटलं — खरंच सांगते, वाटलं. ते म्हणाले, "आक्का, हाताला अडुसष्टलाच लागली हुती. पर तुमी शिकल्याली मान्सं. तुमी म्हणताय म्हंजे माझंच चुकलं असंल. माफ करा."

त्यांनी माझी माफी मागितली. आणि मी मान हलवली.

त्यांना त्या कामावरून काढलं. पाणी मातीच्या थराच्या वरच सोडायचं, म्हणून माझ्या आकड्यावर विसंबून बहात्तर फुटांवर सोडलं. ते गेलं थराच्या खाली. वर माती फुगली, वाट बंद झाली आणि दाब भराभर चढला. चाचणी थांबवावी लागली. मग आम्ही चौघांनी मिळून — हसू नका — त्या दाबाचं कारण शोधून काढलं. उष्णता, क्षार, भेगा, समीकरणं. मोठा शोधनिबंध झाला. त्याचं कौतुक झालं. मी तो वर्गात शिकवते. कोठीतल्या दोन कांड्या कुणी उचलून जोडून पाहिल्या, तर टोकं जुळायची नाहीत आणि निबंधाचं एक पानही उभं राहणार नाही. म्हणून किल्ली पर्समध्ये.

पण मघाशी सांगितलं ना, दारात उभी राहून पाचव्या पेटीवर लक्ष ठेवते — ते आता निबंधासाठी नाही.

गेल्या महिन्यात मैंदर्गीला एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. त्यांच्या शेतात बोअर चालू होती. यंत्राशी काका. मला बघून त्यांना केवढा आनंद झाला! चहा मागवला, यंत्रावरच्या पोरांना माझी ओळख करून दिली. मग यंत्रावर हात ठेवून थांबले. हात काढला, पुन्हा ठेवला.

"तांबडी लागली वाटतं," म्हणाले. "तुमी बघा की, आक्का. माझ्या हाताचा भरवसा न्हाय राहिला. हल्ली फूट मी लिवतच न्हाय, मालकाकडनं लिवून घेतो."

थोड्याच वेळात बोअरमधून लाल गाळ वर आला.

"बरोबर आहे, काका," मी म्हणाले. बोलायची ती वेळ होती. तोंडाशी आलं होतं.

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "तुमी म्हणला म्हंजे झालं," म्हणाले आणि वही माझ्यापुढे धरली. "आज तुमीच लिवा."

मी वही घेतली आणि आकडा लिहिला. अक्षर छान आलं.